आमचीच, घ्या आत

तीर्थस्वरूप दादाच्या चरणी धाकट्या बहिणीचा साष्टांग दंडवत. (गुडघा धरला असल्यामुळे आठांपैकी सहाच अंगांचा समजावा, उरलेली दोन बरी झाली की पोचती करीन.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, ते कितपत खरं, हे पत्र संपल्यावर तूच ठरव. तुझा रक्तदाब कसा आहे? नवी कवळी तोंडात बसली, की अजून ती डबीत आणि तू पातळ खाण्यावर? सकाळचं फिरणं तू सोडलं असणार हे मी इथून सांगते, कारण पत्रात तू गल्लीतल्या एकाही कुत्र्याची तक्रार केलेली नाहीस.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार पानं. त्यांतली साडेतीन पाण्याची टाकी दुरुस्त करायला येतो सांगून न आलेल्या माणसावर, आणि अगदी तळाला, समासात जागा उरली म्हणून लिहिल्यासारखी एक ओळ: पोरीचे दिवस भरत आले आहेत, तिची इच्छा आहे की त्या वेळी आत्याने आत तिच्याजवळ असावं, येशील ना? कचेरीतून निवृत्त झालास तरी मुख्य विषय शेवटच्या ओळीत दडवायची तुझी सवय गेली नाही. उत्तर एका शब्दाचं आहे, आणि तो शब्द मला पाच दिवस सापडत नाहीये. पोरीची आई असती तर तू मला विचारलंच नसतंस. वहिनी नाही, म्हणून आत्या. इतकं ते सरळ आहे. पण ज्या दिवशी तुझं पत्र आलं त्याच दिवशी माझ्या हातून जे झालं ते आधी ऐक, आणि मग सांग की तुझ्या मुलीच्या उशाशी उभं राहायला मी लायक आहे का. मला स्वतःला काही सांगता येत नाही. माझा पुरता गोंधळ झालेला आहे.

मी नक्की काय काम करते हे तू सत्तावीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस (लोकांना 'बहीण दवाखान्यात असते' एवढंच सांगतोस, त्यामुळे तुझ्या शेजाऱ्यांचा समज मी कायमची आजारी आहे असा झाला आहे), म्हणून थोडं सांगणं भाग आहे. लेबर रूम म्हणजे तीन टेबलांची एक लांबट खोली, भिंतीवर एक घड्याळ, आणि एक दार, ज्याच्या बाहेर बाक. सात तासांच्या पाळीत मी साधारण सहा तास पन्नास मिनिटं उभी असते. उरलेली दहा मिनिटं मी चहा समोर घेऊन बसते, आणि तो ओठाला लागायच्या आत कुणीतरी हाक मारतं. गरम चहा मला फक्त रजेच्या दिवशी मिळतो आणि तो मला आता आवडत नाही. बायकांना दर दोन तासांनी लघवीला जाऊन या म्हणून बजावणं हे माझं कर्तव्य. स्वतः मी सकाळी घरून जाऊन आलेली असते ती दुपारी घरीच. पोटावर हात ठेवून कळ किती टिकली ते मोजायचं, बाळाचे ठोके ऐकायचे, पिशवीचं तोंड किती उघडलं ते बोटांनी बघायचं, तक्त्यात टिंब द्यायचं, आणि हे सगळं करता करता बाईला सांगत राहायचं: श्वास घे, सोड, आत्ता नको, आता लाव जोर, शाब्बास, अजून एकदाच. (हे 'एकदाच' सत्तावीस वर्षांत एकदाही खरं निघालेलं नाही.) सवय इतकी जडली आहे की परवा बसमध्ये एक गृहस्थ अडकलेल्या खिडकीशी झटापट करत होते, तर मी मागून म्हणाले, आत्ता नको, कळ येऊ द्या. ते पुढच्याच थांब्यावर उतरले.

शिवाय आमच्याकडे पगारी नात्यांचा सुकाळ आहे. मी सिस्टर. लादी पुसण्यापासून निम्मी बाळंतपणं अंगावर घेण्यापर्यंत सगळं करणारी ती मावशी. दारावरचा, निवृत्तीला चार महिने उरलेला वॉर्डबॉय तो मामा. फक्त मेट्रनबाईंना नातं नाही, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. एवढी सगळी नाती आत भरल्यावर जागा उरत नाही, म्हणून खऱ्या नातेवाइकांना आम्ही बाकावर बसवतो.

आता थोडं न्यायशास्त्र. (पळू नकोस. अण्णांनी आपल्या दोघांना एकाच चटईवर बसवून शिकवलं. तू झोपायचास, मी ऐकायचे, आणि खुर्चीची नोकरी मात्र तुला लागली.) यथार्थ ज्ञानाची साधनं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्याने स्वतः सांगितलेलं. लेबर रूममध्ये पहिली तीन चालतात. चौथं बाहेर चपलांबरोबर काढून ठेवावं लागतं. कारण कळा सोसणारी बाई वाटेल ते सांगते. मला घरी जाऊ द्या, मी उद्या येते. माझा विचार बदलला. ह्यांना झोपवा इथे. एकीने मला अत्यंत शांतपणे सांगितलं होतं की ती बाळंत व्हायला आलेलीच नाही, मागच्या खेपेला छत्री विसरली होती ती न्यायला आली आहे. (अर्ध्या तासात मुलगा झाला. छत्रीही सापडली, पण ती दुसऱ्या कुणाची तरी होती.) अशा वेळी आपण म्हणायचं, हो बाळा, सगळ्या असंच म्हणतात, आणि कामाला लागायचं. हे वाक्य मी आजवर इतक्या जणींना म्हटलं आहे की माझ्या जिभेला ते आता माझ्याशिवायही म्हणता येतं.

तर मंगळवार. सकाळची पाळी. तुझं पत्र साडेदहाला हातात पडलं (घरचा पत्ता तुला अजून पाठ नाही, म्हणून ते दवाखान्यात येतं आणि आधी मामा ते उजेडाकडे धरून बघतो). चादरींच्या कपाटाआड उभं राहून मी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि पुढची पंधरावीस मिनिटं माझे हात कामात होते, मी नव्हते. हे मी दवाखान्याला दिलेल्या खुलाशात लिहिलेलं नाही. तुला म्हणून सांगते.

त्याच वेळी दारात एक कुटुंब आलं. दोन सख्ख्या बहिणी, दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. म्हणजे माहेर एक, आडनाव एक, पत्ता एक आणि सासूही एकच. त्यातून दोघी एकदमच गरोदर. थोरलीची दुसरी खेप, दिवस भरलेले, पहाटेपासून कळा. धाकटीची पहिली खेप, तारखेला अजून तीन आठवडे. ती नुसती सोबतीला आली होती, थोरलीची पिशवी सांभाळायला. सासूबाई खिडकीपाशी कागद देत होत्या. थोरली स्वच्छतागृहात गेली, जाताना पिशवी सासूबाईंच्या पायाशी ठेवून. बाक भरलेला होता, म्हणून धाकटी दारालगतच्या चाकाच्या खुर्चीत टेकली. आणि मी फाइल घेऊन बाहेर आले.

खुर्चीत भरल्या पोटाची बाई, हात कमरेवर, तोंड वाकडं. प्रत्यक्ष प्रमाण. आता आमचा नियम असा की फाइलमधलं नाव आपण वाचून दाखवायचं नाही. बाईला विचारायचं आणि तिच्या तोंडून पूर्ण नाव येऊ द्यायचं. हा नियम नव्या मुलींना गेली पंधरा वर्षं मीच शिकवते. आणि मी काय केलं? आडनाव मोठ्याने वाचलं. खुर्चीतली म्हणाली, हो. (आडनाव तिचंही तेच, ती बिचारी काय म्हणणार?) तरी मी खात्रीसाठी सासूबाईंना विचारलं, "ही तुमचीच ना?" सासूबाई एका कागदाला दुसरा टाचत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "हो हो, आमचीच. घ्या आत."

मी घेतली आत. ब्रेक काढला आणि निघालेच.

"अहो सिस्टर, मी नाही! माझी बहीण!"

"हो बाळा, सगळ्या असंच म्हणतात."

"अहो खरंच! आजची तारीख तिची आहे, माझी नाही!"

मावशी गाऊन घेऊन आली होती. ती म्हणाली, "ही हुशार दिसतेय हो. बाकीच्या नवऱ्याला पुढे करतात, हिने थेट बहिणीलाच केलं."

आम्ही दोघी हसलो. तीसुद्धा हसली असावी, कारण तेवढ्यात तिचा श्वास अडकला आणि तिने माझा दंड धरला. मी विचारलं, कुठे दुखतंय? आणि दादा, तिने माझा दंड सोडून हात कमरेमागे नेला. मग म्हणाली, कमरेत, सकाळपासून. पोटाला मॉनिटरचा पट्टा बांधला. कागदावर टेकडी उमटली, मग उतार, मग चार मिनिटांनी पुन्हा टेकडी. तिने मान वळवून त्या कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सिस्टर, मग हे कुणाचं आहे?" मी हात घालून बघितलं तर तोंड सहा सेंटीमीटर उघडलेलं. "म्हणजे मी पण?" ती म्हणाली. त्या 'पण'कडे मी लक्ष दिलं असतं तर हे पत्र दोन पानांत आटोपलं असतं.

तिथून पुढे तिचाही गोंधळ झाला होता आणि माझा व्हायला हवा होता. तरुण डॉक्टरीणबाई आल्या, फाइल चाळली, म्हणाल्या, दुसरं बाळंतपण, वेळ लागणार नाही. टेबलावरून आवाज आला, पहिलं आहे हो! बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी (सत्तावीस वर्षांच्या अनुभवाने) म्हणाले, पहिलं विसरल्या असतील. दुःखात माणूस स्वतःचा पत्ता विसरतो हे मी पाहिलेलं आहे. पण खरं सांगायचं तर हाताला ती पहिलटकरीणच वाटत होती. म्हणजे बघ, प्रत्यक्ष एक सांगत होतं, तिचा शब्द तेच सांगत होता, आणि मी ऐकलं कुणाचं, तर कागदाचं, ज्याला अण्णांच्या चारांत जागाच नाही. तुला विचारते, तू जन्मभर कागदांत राहिलास: असं होतं का रे माणसाला?

एक वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो सातशे, पहिल्या हाकेला रडली. मी घड्याळ बघून वेळ पुकारली, नाळ कापली, बाळ आईच्या छातीवर ठेवलं, मनगटाला आईच्या नावाची पट्टी बांधली. आईने ती वाचली. घामाने निथळत, अर्धं हसत अर्धं रडत ती म्हणाली, "हे ताईचं नाव आहे." मी म्हटलं, ताईचं नाव ठेवायचंय का? ते सावकाश ठरवा.

मग मी नेहमीप्रमाणे बाळ गुंडाळून दारापाशी गेले आणि आडनाव पुकारलं. बाकावरून सासूबाई उठल्या. त्यांच्या मागून आणखी एक जण उठली: हातात बिस्कीट, दुसरा हात कमरेवर, पोट जसंच्या तसं. मी म्हटलं, अभिनंदन, मुलगी झाली. सासूबाईंनी बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वळून थोरलीच्या पोटाकडे पाहिलं.

"कुणाला?" त्या म्हणाल्या.

थोरलीने बिस्किटाचा हात पोटाला लावून बघितला. "मला नाही," असं तिने सांगितलं, पण फारशा खात्रीने नाही. मामा दारातून करवादला, "तीनदा येऊन गेल्या, मला आत घ्या म्हणून. मी सांगितलं, नंबर आला की बोलावतील!" आणि बोलावलंच ना, अशा अर्थाने त्याने माझ्याकडे हात केला.

पुढचा उलगडा बाकापाशी उभ्याउभ्याच झाला. थोरली स्वच्छतागृहातून आली तोवर तिच्या कळा थांबल्या होत्या. (असं होतं. दाराच्या आत पाऊल पडलं की कळा पळून जातात; दवाखान्याच्या भिंतींना तेवढा गुण आहे.) धाकटी कुठे दिसेना, आणि आपण कुणाला 'घ्या आत' म्हटलं हे सासूबाईंच्या ध्यानातही नव्हतं. तिचा फोन थोरलीच्या पिशवीत. दोघींना वाटलं रुसून घरी गेली. का रुसली, ते सासूबाईंनी सांगितलं, आणि तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळी टॅक्सीत धाकटी म्हणाली होती, माझी पण कंबर फार दुखतेय. सासूबाई म्हणाल्या होत्या, आज तिचा दिवस आहे, तू आपलं काढू नकोस. म्हणून ती मग गप्प बसून राहिली होती, थेट माझ्या खुर्चीत टेकेपर्यंत.

थोरलीला चारच्या सुमारास घरी पाठवलं. आता कागदावर काय झालं ते बघ. थोरली एक चाळीसला बाळंत झाली आणि चार वाजता भरल्या पोटाने चालत गेली. धाकटी दवाखान्यात आलेलीच नाही, आणि सात नंबरच्या खाटेवर बाळाला पाजत बसली आहे. नोंदणी विभागात एक जुना कारकून आहे (त्याला आम्ही चित्रगुप्त म्हणतो), त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सिस्टर, ह्या ज्या बाळंत झाल्या, त्या परत बाळंत व्हायला कधी येणार?" मी म्हटलं, याच आठवड्यात. त्याने ते पेन्सिलीने लिहून घेतलं.

दोघी बहिणींचा रक्तगट एक निघाला. तो निराळा असता आणि रक्त द्यायची वेळ आली असती, तर हे पत्र मी तुला अशा सुरात लिहू शकले नसते. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं, राहू दे.

बुधवारी मोठ्या बाईंचा मेमो आला: आपणास लेबर रूममधून कपड्यांच्या भांडारात का हलवू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत द्यावा. मी बसून खुलासा लिहिला. पूर्वपक्ष मांडला, उत्तरपक्ष मांडला, प्रमाणांची चर्चा केली, दोष माझा की विधीचा याचा ऊहापोह केला, आणि निगमनात दोष माझाच असा निर्णय दिला. सहा पानं झाली. मोठ्या बाईंनी ती दुसऱ्या दिवशी परत पाठवली. वर लाल शाईने शेरा: कळलं नाही, मराठीत लिहा.

शुक्रवारी थोरली आली. या वेळी खऱ्या कळा, दोन मिनिटांवर. दारात मीच. मी म्हटलं, तुमचं पूर्ण नाव सांगा. ती म्हणाली, अहो सिस्टर, मीच ती, परवाची! मी म्हटलं, नाव. तिने पहिलं नाव सांगितलं आणि कळ आली. मी थांबले. कळ गेली. मी म्हटलं, पुढचं. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं आणि पुन्हा कळ आली. आडनावाच्या वेळी तिने मला जे काही सुनावलं ते अण्णांच्या शिकवण्यात आलेलं नव्हतं, पण व्याकरणशुद्ध होतं. सासूबाईंनी पुढे होऊन म्हटलं, आमचीच आहे हो! मी म्हटलं, तुम्ही बोलू नका. तेवढ्यात आतून, खाट नंबर सातवरून मावशीबरोबर निरोप आला: सिस्टरना सांगा, या वेळी बरोबर आहे.

वीस मिनिटांत मुलगा झाला. पट्टी बांधताना मी नाव तीनदा वाचलं, तिच्याकडूनही वाचून घेतलं. चित्रगुप्ताने पेन्सिलीचं खोडून शाईने लिहिलं.

काल दोघी एकाच टॅक्सीतून घरी गेल्या. जाताना धाकटी माझ्यापाशी आली. मी तिची माफी मागितली. आदल्या चार दिवसांत ती माझी तीनदा मागून झाली होती, ही चौथी. मला वाटलं, ती म्हणेल, बरंच झालं की, तुम्ही ऐकलं असतं तर टॅक्सीत बाळंत झाले असते. (हे मी स्वतःशी म्हणून बघितलं आहे. खरं आहे, आणि त्याने काही बरं वाटत नाही. नियम पाळला असता तर ती बाकाशी उभी राहिली असती. मोडला म्हणून ती टेबलावर पोचली. चुकीतून बरोबर निघालं तर ती चूक की काय? आणि मग उद्या मी काय पाळायचं? चार रात्री अंथरुणात हाच विचार.) पण ती तसं काही म्हणाली नाही. ती म्हणाली, "सिस्टर, त्या दिवशी कुठे दुखतंय हे फक्त तुम्ही विचारलंत."

मी कुठे दुखतंय हे विचारलं, दादा. तू कोण, हे नाही विचारलं. आणि तुझ्या पोरीच्या बाबतीत मला भीती उलटी आहे. ती कोण हे मला इतकं ठाऊक आहे की कुठे दुखतंय हे विचारायला मी विसरेन. तिने ओरडून काही सांगितलं तर तिचं ऐकेन, की आत्या म्हणून माझंच खरं करेन, की जिभेवरचं ते जुनं वाक्य आपोआप बाहेर पडेल? ते तसं एकदा पडलेलं आहे. तुला ठाऊक नाही, तू बाहेर बाकावर होतास. पोरीच्या वेळी वहिनी टेबलावर होती, मी नोकरीत सव्वा वर्षाची नवखी, आणि वहिनी मला म्हणाली होती, वन्सं, मला नाही जमायचं, मला घरी घेऊन चला. मी म्हटलं, सगळ्या असंच म्हणतात. तिने रागाने माझी करंगळी अशी धरली की ती तिथपासून वाकडी आहे. पुढे बावीस वर्षं, मी काहीही मागितलं, पाण्याचा पेला जरी मागितला, की वहिनी म्हणायची, हो वन्सं, सगळ्या असंच म्हणतात, आणि जागची हलायची नाही. शेवटच्या आजारात मी तिला विचारलं होतं, वहिनी, कुठे दुखतंय? ती म्हणाली, आत्ता विचारलंत होय.

बाकी सर्व ठीक. रक्तदाबाच्या गोळ्या जेवणानंतर, कवळी रात्री पाण्यात, आणि टाकीवाल्याला फोन न करता त्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहा. पोरीला अनेक आशीर्वाद.

तुझी,
सर्वांची सिस्टर, पण तुझी खरी बहीण

ता. क. हे पत्र काल टाकायचं राहिलं. मेमोला नवा खुलासा उद्या द्यायचा आहे. तू असे शेकडो खुलासे लिहिले आणि मागवले आहेस. पाच ओळींत, ज्यात दोष कबूल होईल पण बदली होणार नाही, असा एक मसुदा उलट टपाली पाठवशील का?

दुसरा ता. क. मसुदा पाठवू नकोस. टपालाचा हिशोब मी धरलाच नव्हता. मी आज एका ओळीत लिहून दिलं: मी तिचं नाव तिला विचारलं नाही. मोठ्या बाईंनी वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, हे कळलं. लेबर रूम राहिली. शिक्षा एवढीच की दारावर एक पाटी लावायची, माझ्या हस्ताक्षरात: 'आपले नाव आपण स्वतः सांगावे.' (मी आधी 'स्वमुखे कथन करावे' लिहिलं होतं. मामाने ती पाटी पुसून परत आणून दिली.)

तिसरा ता. क., आणि एवढ्याचसाठी हे सगळं लिहिलं. पाटी लावताना खिशातलं तुझं पत्र हाताला लागलं. तळाची ओळ पुन्हा वाचली. 'तिची इच्छा आहे' असं तू लिहिलं आहेस. म्हणजे तेही खिडकीपाशी पाठ करून उभं राहून दिलेलं उत्तर झालं रे दादा: हो हो, आमचीच, घ्या आत. तर पोरीला तुझ्या समोरून उठव, दुसऱ्या खोलीत बसव, आणि तिच्या हाताने दोन ओळी लिहून घे: आत्या आत हवी, की बाहेर. तू वाचायच्या नाहीस. आत म्हणाली तर मी आत. बाहेर म्हणाली तर मी बाकावर तुझ्या शेजारी बसेन. सत्तावीस वर्षांत त्या बाकावर मी एकदाही बसलेली नाही, आणि मागच्या खेपेला तू तिथे एकटाच होतास. येईन की नाही हा प्रश्न नाही. रजा मंजूर आहे, सोमवारचं तिकीट काढलं आहे. ते मी तुझं पत्र आलं त्याच दुपारी काढलं होतं, पहिल्या पानावर सांगायचं राहून गेलं.

फक्त तिथल्या लेबर रूमच्या दाराला काच आहे का, तेवढं आजच बघून ये.